ढोबळ की मोघम?

‘खर्चाचा मोघम अंदाज द्या’ असं वाक्य हल्ली वरचेवर दिसतं. लिहिणाऱ्याला हवा असतो ढोबळ अंदाज. मोघम अंदाज मागावा लागत नाही, तो आपोआपच मिळतो.

दोन्ही शब्दांत काटेकोरपणा नाही, म्हणून गल्लत होते. ढोबळ म्हणजे बारकावे गाळलेलं, पण हाताला काहीतरी लागेल असं. मुळात हा आकाराचा शब्द: जाडजूड, ओबडधोबड. ढोबळी मिरचीला नाव मिळालं ते तिच्या अंगलटीवरूनच. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पोचायला आठ मिनिटं लागतात, हे ढोबळ विधान झालं. खरा आकडा सरासरी ८ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास. सेकंद गळले, तरी कुणी पडताळून पाहिलं तर विधान तग धरतं. ‘बऱ्यापैकी वेळ लागतो’ हे मात्र मोघम. ते पडताळायचं कशाशी? ते चूक ठरत नाही, आणि मोघम बोलणाऱ्याची सोय नेमकी तीच असते.

म्हणून मोघमच्या जोडीला उत्तर, आश्वासन, खुलासा असे शब्द येतात. ढोबळच्या जोडीला हिशेब, आराखडा, अंदाज. ‘मोघम बोलू नकोस’ म्हणताना आवाज चढलेला असतो. ‘ढोबळमानाने सांगायचं तर’ म्हणणारा आपली मर्यादा आधीच कबूल करून मोकळा होतो.

आकडा आला की विधान ढोबळ झालं, असंही समजू नये. ‘दहा-बारा माणसं येतील’ हे ढोबळ. खुर्च्या मांडायला घेता येतात. ‘पाच-पन्नास माणसं येतील’ यात दोन आकडे असूनही खुर्च्यांचं काही ठरत नाही. आणि ‘दोन-चार दिवसांत बघू’ मधला ‘बघू’ तर होत्या त्या आकड्यांनाही मोघम करून टाकतो.

ढोबळला एक वेगळी छटाही आहे. ढोबळ चूक म्हणजे किरकोळ चूक नव्हे. डोळ्यांत भरेल एवढी मोठी. हिशेबातला ढोबळ नफा तर पैशापर्यंत नेमका असू शकतो. विक्रीच्या रकमेतून विकलेल्या मालाचा स्वतःला पडलेला खर्च वजा केला की तो मिळतो. इतर खर्च वजा व्हायचे असतात, म्हणून तो ढोबळ. ते झाले की निव्वळ.

संदिग्धला या दोघांच्या रांगेत बसवू नये. ‘धाकट्या बहिणीच्या मुलाला पत्र पाठवलं.’ धाकटं कोण? ‘धाकटी’ आणि ‘धाकटा’ दोन्हींचं सामान्यरूप ‘धाकट्या’च, त्यामुळे बहीणही धाकटी असू शकते आणि मुलगाही. दोन्ही अर्थ आपापल्या जागी अगदी स्पष्ट आहेत. निवड तेवढी राहिली आहे. ‘बहिणीच्या धाकट्या मुलाला’ असं लिहिलं की तीही उरत नाही.