डिले लूपमध्ये लावायचा की ॲम्पच्या पुढे?

दुरुस्त झालेला ॲम्प न्यायला आलेला माणूस निघता निघता विचारतो, "मागे सेंड आणि रिटर्न लिहिलेले दोन जॅक आहेत, त्यांचं करायचं काय?" उत्तर आम्ही काउंटरवर उभ्याउभ्या देतो आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं विसरलं जातं. म्हणून हा कागद. त्या दोन जॅकच्या जोडीला इफेक्ट्स लूप म्हणतात, आणि डिले, म्हणजे वाजवलेली नोट थोड्या वेळाने पुन्हापुन्हा ऐकवणारं पेडल, तिथे लावायचा की नाही ते यात आहे. ॲम्पच्या कव्हरमध्ये ठेवून द्या.

आधी कानाने ऐका

ॲम्पचं गेन चॅनल, म्हणजे डिस्टॉर्शनचा फाटका आवाज देणारं, लावा. डिले गिटार आणि ॲम्पच्या मधे जोडा, टाइम ४०० मिलिसेकंदांच्या आसपास, रिपीट चार-पाच. एकच नोट जोरात छेडा आणि तार लगेच तळव्याने दाबा. पहिले दोन-तीन रिपीट मूळ नोटेइतकेच दणकट येतील आणि मग विरत जाण्याऐवजी गडप होतील. आता एक कॉर्ड वाजवा आणि तिची शेपूट चालू असतानाच दुसरी. नुसता चिखल.

पेडलची यात चूक नाही. त्याने प्रत्येक रिपीटचा आवाज आधीच्यापेक्षा कमी केलेलाच असतो. पण पुढे प्रीॲम्प, म्हणजे ॲम्पचा डिस्टॉर्शन करणारा पहिला भाग, बसलाय. डिस्टॉर्शन मोठ्या आवाजाचे शेंडे छाटतं आणि लहान आवाज वर उचलतं, त्यामुळे हळू झालेला रिपीट पुन्हा फुगून बाहेर येतो. शिवाय जुना रिपीट आणि नवी नोट एकाच वेळी डिस्टॉर्ट झाल्या, की तुम्ही न वाजवलेले तिसरेच सूर त्यातून निघतात.

इफेक्ट्स लूप म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प (स्पीकर चालवणारा शेवटचा भाग) यांच्या मधे ठेवलेलं दार. सेंड हा प्रीॲम्पचा आउटपुट, रिटर्न हा पॉवर ॲम्पचा इनपुट. फेंडरच्या हॉट रॉड डिलक्सवर तर सरळ 'प्रीॲम्प आउट' आणि 'पॉवर ॲम्प इन' असंच छापलंय. सेंडमधून डिलेच्या इनपुटला, डिलेच्या आउटपुटमधून रिटर्नला, दोन्हीकडे नेहमीची शील्डेड गिटार केबल. मग तीच नोट पुन्हा छेडा. डिस्टॉर्शन आधी होऊन गेलं, रिपीट त्याच्या नंतर तयार झाले, त्यामुळे ते टोन न बदलता हळूहळू विरतील. ऑर्केस्ट्रातली जुनी मंडळी ज्याला 'इको' म्हणतात, तो हा.

सेंडच्या शेजारचा स्पीकर आउट मात्र डोळे उघडे ठेवून ओळखा. तिथून पेडलमध्ये केबल गेली तर पेडल गेलंच म्हणायचं. आणि ट्यूब ॲम्पचा स्पीकर काढून ॲम्प चालवला, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जाऊ शकतो.

लूप प्रत्येकाला लागत नाही

ॲम्प क्लीन (डिस्टॉर्शनशिवाय) ठेवून ओव्हरड्राइव्ह, म्हणजे डिस्टॉर्शन देणाऱ्या, पेडलवर काम भागवत असाल, तर गिटार, ओव्हरड्राइव्ह, डिले, ॲम्प एवढाच क्रम पुरे. डिस्टॉर्शन डिलेच्या आधीच होतंय, मग लूप हवाच कशाला? फेंडरच्या ब्लूज ज्युनिअरला लूप नाही, तरी त्यावर उत्तम डिले वाजतो. लूप नाही म्हणून चांगला ॲम्प विकायला काढू नका, असं आम्ही गिऱ्हाईक गमावूनही सांगतो.

उलट बाजूही आहे. ट्यूब ॲम्प इतका मोठा उघडला की पॉवर ट्यूबच डिस्टॉर्ट व्हायला लागल्या, तर लूपमधला डिलेही चिखलातच जाणार. लूप पॉवर ॲम्पच्या आधी येतो ना!

लेव्हल आणि मिक्स

गिटारचा सिग्नल साधारण मिलिव्होल्टच्या शेकड्यात असतो. लूपमधला त्याहून बराच मोठा असू शकतो: +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, -१० डीबीव्ही म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्ट. ९ व्होल्टवर चालणारं पेडल पहिल्या लेव्हलला जोरात वाजवलं की फाटू शकतं. म्हणून लूपला लेव्हलचा स्विच असेल तर पेडलसाठी तो खालच्या आकड्यावर ठेवा. भाड्याच्या बॅकलाइनमध्ये (कार्यक्रमासाठी स्टेजवर ठेवलेल्या ॲम्पमध्ये) हमखास भेटणाऱ्या रोलँड जेसी-१२० च्या मागे +४ आणि -२० असा स्विच असतो, तिथे -२०.

त्याच ॲम्पवर सीरीज आणि पॅरलल हा दुसरा स्विच असतो. सीरीजमध्ये सगळा सिग्नल पेडलमधून जातो, काळजी नाही. पॅरललमध्ये मूळ आवाज ॲम्प स्वतःच पुढे नेतो, पेडलने फक्त रिपीट द्यायचे. तिथे पेडलचा मिक्स पूर्ण वेटवर हवा. बॉसच्या डीडी-३ ला डायरेक्ट आउटमध्ये प्लग घातला की मुख्य आउटपुटमधून फक्त रिपीट येतात. असं काही केलं नाही आणि पेडलचा ड्राय (मूळ) सिग्नल क्षणभर उशिरा आला, तर गिटार पिंपात बसून वाजवल्यासारखी पोकळ ऐकू येते. समजत नसेल तर सीरीज लावा आणि वाजवा.

पावसाळ्यातला सगळ्यात स्वस्त आजार

गेल्या पावसाळ्यात एक जण रत्नागिरीहून ॲम्प एसटीच्या डिकीत घालून घेऊन आला. आवाज मधेच अर्धा होतो, वरून थाप मारली की परत येतो. ट्यूबा गेल्या असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. आम्ही मागे सेंडमधून रिटर्नला वीतभर पॅच केबल लावली आणि ॲम्प खणखणीत वाजायला लागला.

झालं असं होतं: रिटर्न जॅकच्या आत एक स्प्रिंगची पट्टी असते. प्लग नसला की ती दुसऱ्या पट्टीला टेकते आणि सिग्नल तिथूनच पुढे जातो. लूप कधीच वापरला नाही, तर त्या टेकण्याच्या जागेवर दमट हवेने काळपट थर चढतो. तुमच्या ॲम्पचं असं झालं तर आधी हीच केबल लावून बघा. आवाज सुधारला तर ॲम्प बंद करून, प्लग काढून, जॅकमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि गिटारचा प्लग दहा-पंधरा वेळा आत-बाहेर. दारांच्या बिजागऱ्यांचं तेल नको. चेसिस, म्हणजे ॲम्पच्या आतली सर्किटची धातूची पेटी, तर उघडूच नका. ट्यूब ॲम्पच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

गुणगुण

लूप जोडल्यावर गुणगुण सुरू झाली, तर बहुतेक वेळा पेडल आणि ॲम्प दोन वाटांनी अर्थ झालेले असतात. डिलेला वेगळा, आयसोलेटेड अडॅप्टर देऊन बघा. डिजिटल डिलेला करंटही जास्त लागतो. स्ट्रायमनच्या टाइमलाइनला ३०० मिलिअँपिअर हवेत, एका स्वस्त अडॅप्टरवर सहा पेडलांची माळ लावून ते भागत नाही. पण गुणगुण घालवायला ॲम्पच्या तीन पिनांतली मोठी पिन कापू नका, कोणी कितीही ठामपणे सांगितलं तरी. मंडपातल्या वायरिंगला आधीच अर्थिंगचा भरवसा नसतो, त्यात एका हातात गिटारच्या तारा आणि ओठाला माइक. गुणगुण परवडली.

टाइम किती ठेवायचा

६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने (मिनिटाला किती बीट) भागा. १२० ला ५०० मिलिसेकंद, म्हणजे बीटला एक रिपीट. त्याचा पाऊण भाग, ३७५, लावला की रिपीट नोटांच्या मधल्या जागेत पडतात. मिक्स घरी बरा वाटतो त्यापेक्षा स्टेजवर थोडा कमी ठेवा, हॉल स्वतःच बराच घुमतो.

तरीही जमलं नाही तर या. येताना फक्त ॲम्प आणू नका. पेडल, त्याचा अडॅप्टर आणि रोज वापरता त्याच केबली घेऊन या. दोष पुष्कळदा त्या केबलीतच निघतो, आणि ती तपासायचे आम्ही पैसे घेत नाही.