पाळी गेल्यानंतरची न बोललेली तक्रार: संप्रेरक उपचारांची पार्श्वभूमी

उभी हयात मुंबईत काढलेला चाकरमानी निवृत्त होऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरी कायमचा परततो, तेव्हा गणपती आणि शिमग्यापुरताच ज्याचा सहवास लाभला अशा नवऱ्याबरोबर नव्याने संसार मांडणाऱ्या त्याच्या पत्नीची पाळी जाऊन बहुधा दहा वर्षे उलटलेली असतात. सुश्रुतसंहितेत रजोनिवृत्तीचे वय पन्नास सांगितले आहे. आज भारतीय स्त्रियांमध्ये ते सरासरी 46-47 च्या आसपास आढळते. कोकमाचे सरबत पिऊन सोसलेल्या अंगातल्या वाफा तोवर बहुतेकींच्या ओसरलेल्या असतात. योनिमार्गाचा कोरडेपणा मात्र आपोआप जात नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटल्याने तिथले अस्तर पातळ होते, संबंध दुखरे होतात, आणि दवाखान्यात ती सांगते ते एवढेच, की "लघवीक जळजळता".

या तक्रारीवरचे औषध नवे नाही. गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळीला अमेरिकेत 1942 साली मान्यता मिळाली आणि पुढची तीन दशके ती तारुण्य टिकवण्याचा उपाय म्हणूनही खपवली गेली, हे त्या काळाच्या वैद्यकाला फारसे भूषणावह नाही. केवळ इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे 1975 मध्ये उघड झाले, आणि गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला जोडीने प्रोजेस्टोजेन हे दुसरे संप्रेरक देण्याची रीत पडली.

खरा तडाखा बसला तो जुलै 2002 मध्ये. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकी अभ्यासात 16,608 स्त्रियांवर चाललेली या जोड-औषधाची चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली, कारण दर वर्षी दहा हजार स्त्रियांमागे स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण 30 वरून 38 वर गेलेले दिसले. या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते, आणि तरीही त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष वाफांनी हैराण झालेल्या पन्नाशीच्या बाईलाही सरसकट लावला गेला.

त्याहून अनाठायी गोष्ट अशी, की त्या अभ्यासात तपासल्या होत्या त्या गोळ्या, पण धोक्याचा इशारा छापला गेला तो योनिमार्गात लावायच्या, रक्तात नगण्य उतरणाऱ्या अल्प मात्रेच्या इस्ट्रोजेनच्या मलमावरही. या त्रासाला मूत्रमार्गासह एकत्रित असे वैद्यकीय नाव 2014 मध्ये मिळाले, तर हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचे, औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत छापलेले इशारे हटवण्याचा निर्णय अमेरिकी औषध प्रशासनाने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केला. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीने मात्र हे मलमही तज्ज्ञाला विचारूनच वापरायचे असते.

मलम साधारणपणे पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा लावतात. अर्थात, ते ज्या दुकानातून आणायचे तिथला मेडिकलवाला गावात बहुधा भावकीतलाच निघतो, आणि चिठ्ठी कित्येकदा पर्समध्येच राहते.