कोवळा मुळा: मिरचीच्या आधीचं तिखट

फेब्रुवारी संपत आला की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मुळ्याच्या शेवटच्या पेंड्या दिसतात आणि त्यातली कोवळी कुठली नि जून कुठली हे कळलं नाही तर घरी येऊन चिरल्यावर आत नुसतं भेंड. माझं दोनदा झालंय. विकणारी मावशी "व्हर गो, कोवळे आसात" (ने गं, कोवळे आहेत) म्हणतेच, पण मी आता आधी नख लावून बघते.

गोव्यात मिरची, बटाटा, टोमॅटो, काजू, अननस हे सगळं पोर्तुगीजांच्या जहाजांतनं आलं, म्हणून मुळाही तसाच आला असेल असं मला कितीतरी वर्षं वाटायचं. नाही! मुळा त्यांच्या खूप आधीपासून इथे आहे. संस्कृतात मूलक, म्हणजे मूळ, आणि गंमत म्हणजे इंग्रजीतला रॅडिश पण लॅटिनमधल्या मूळ याच अर्थाच्या शब्दावरनं आलाय. चरकसंहितेत तर स्पष्टच आहे की कोवळा मुळा दोष घालवतो आणि जून झालेला तिन्ही दोष वाढवतो. आमची आजी माघात मुळा घरात आणू द्यायची नाही, तेव्हा मला ती नुसती सोवळ्याची कटकट वाटायची, पण माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी, मुळा जरड व्हायचाच टाइम, तर त्यातनंच आलं असावं असा आपला माझा अंदाज.

सावता माळ्यांचा कांदा-मुळ्याचा अभंग सगळ्यांना पाठ असतो. त्यांनी समाधी घेतली 1295 ला. वास्को द गामा कालिकतला आला 1498 ला, गोवा पडलं 1510 ला, आणि मिरची त्यानंतरची. मग त्याच अभंगात लसणीशेजारी मिरची कशी? एकतर ती मिरी असणार किंवा नंतर कोणीतरी गाता गाता घातली असणार. मुळा मात्र पक्का त्या काळातला. मिरची नव्हती तेव्हा जिभेला चटका द्यायला मिरी, आलं, मोहरी आणि हा.

त्याचं तिखट पण मजेशीर आहे, अख्ख्या मुळ्यात ते नसतंच म्हणा ना. चिरला, किसला, चावला की आतली दोन वेगवेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि मग नाकात झणका. सालीजवळ जास्त. उन्हाळा लागला की अजून उग्र. शिजवला की झणका जातो आणि गोडसर होतो, म्हणून तर तो सुंगटांच्या हुमणात, म्हणजे कोळंबीच्या नारळाच्या कालवणात, इतका छान मुरतो.

चतुर्थीच्या खतखत्यात, म्हणजे आमच्या मिसळीच्या भाजीत, मुळा लागतोच, पण तेव्हा ऐन पावसात इथला कुठला, घाटावरनं बेळगावचा येतो. आपला गावठी येतो सरद म्हणजे पावसाळी भात कापून झाल्यावर, थंडीत. त्याचा पाला टाकायचा नाही, चण्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून भाजी. झाड फुलावर गेलं की डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, त्या तर मला मुळ्यापेक्षा आवडतात.

युरोपात वसंतातला मुळा म्हणजे तो लाल बुटका, पोर्तुगीजमध्ये रबानेत, पेरल्यापासून 25-30 दिवसांत तयार. लोणी आणि मीठ लावून कच्चाच खातात. मी गरम पोईत, म्हणजे गोव्याच्या पावात, लोणी घालून वर आपल्याच पांढऱ्या कोवळ्या मुळ्याच्या चकत्या ठेवल्या, मीठ भुरभुरलं, आणि कोशिंबिरीसाठी काही उरलंच नाही.