पाला जाळून खत होत नाही

जानेवारीतही दुपारी उकडू लागले की पुण्यात बागेची आवराआवर निघते, खराट्याने पाला गोळा होतो आणि ‘जाळून टाका, राख झाडांना खतच’ हा पिढीजात सल्ला पुढे येतो. तो अर्धाच खरा आहे. राखेत पालाश (पोटॅशियम) आणि चुना उरतो. परंतु पानांतील नत्र (नायट्रोजन) जवळपास सगळे धुरावाटे उडून जाते आणि जमीन भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय कर्बही त्याच वाटेने जातो. शिवाय राख अल्कधर्मी असते, आणि दख्खनची चुनखडीयुक्त काळी माती मुळातच तशी असल्याने झाडाला लोह मिळणे आणखी अवघड होते. मग जास्वंदीची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि आपण पुन्हा राखच घालतो! तोच पाला आळ्यात चार बोटे पसरून, अधूनमधून ओला करून, दोन-तीन महिन्यांनी उचकटून पाहावा: वर कुरकुरीत, खाली काळसर, ओलसर, मातीला चिकटलेला. खोडाला मात्र तो टेकू देऊ नये. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली असून साध्या प्रकरणातही ५,००० रुपये दंड सांगितला आहे.