टफ्ट सेल: जंत आलाय हे आतड्याला कळतं कसं

पीएचडी कशावर करतेयस असं घरी कोणी विचारलं की मी "जंतांवर" एवढंच सांगते, आणि मग वावडिंगाचा विषय निघतोच, तान्ह्या बाळाला वावडिंगाचं पाणी, झोपेत दात खाणाऱ्या पोराला जंताचं औषध, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. पण माझा प्रश्न औषधाचा नाहीये. आतड्यात जंत शिरलाय हे शरीराला मुळात कळतं कसं, हा आहे, आणि त्याच्यामागची गोष्ट मला इतकी आवडते की ती नीट लिहून काढावीशी वाटली.

जंत माणसाला हजारो वर्षं माहितीयत, पण हुकवर्म हा आतड्याला चिकटून राहणारा जंत १८३८ मध्ये मिलानच्या आंजेलो दुबिनीला एका शेतकरी बाईच्या पोस्टमॉर्टेममध्ये दिसला. तो पोटात जातो कुठून हे कळायला अजून साठ वर्षं गेली. कैरोत जंतांचा अभ्यास करणारा आर्थर लूस गिनीपिगच्या तोंडात हुकवर्मच्या अळ्यांचं पाणी टाकत होता, थोडं त्याच्या हातावर सांडलं, तिथं आग व्हायला लागली, कातडी लाल झाली, आणि काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात हुकवर्मची अंडी सापडली. म्हणजे अळी पायातून, हातातून, सरळ कातडीतून आत शिरते. आज शाळा-अंगणवाडीत १० फेब्रुवारीला अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात (२०१५ पासून हा राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे) तेव्हा अनवाणी फिरू नका हेही सांगतात, ते यामुळेच.

शरीर काय करतं, हे मात्र तुकड्यातुकड्यानं उलगडलं. १८७९ मध्ये पॉल एर्लिखनं इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी दाखवल्या, पुढं जंत झालेल्यांच्या रक्तात त्या वाढतात हे लक्षात आलं. १९६६ मध्ये इशिझाका पतीपत्नींनी आयजीई नावाची अँटीबॉडी शोधली, १९८६ मध्ये मॉसमन आणि कॉफमन यांनी टी-सेल या रोगप्रतिकारक पेशींचे दोन प्रकार वेगळे केले, आणि १९९८ पर्यंत हे स्पष्ट झालं की आयएल-१३ नावाचा सिग्नल नसेल तर उंदराला निप्पोस्ट्रॉन्जिलस हा जंत धड बाहेर टाकता येत नाही. २०१० मध्ये जपान, केंब्रिज आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन ग्रुपनी जवळपास एकाच वेळी आयएलसी-२ नावाच्या रोगप्रतिकारक पेशी वर्णन केल्या, ज्या झटपट आयएल-१३ सोडतात. पण त्यांना उठवायला आयएल-२५ हा आणखी एक सिग्नल लागतो, आणि तो आतड्यात नेमकं कोण बनवतं हेच माहीत नव्हतं.

तो बनवणारी पेशी १९५६ पासून समोर होती. त्या वर्षी उंदराच्या श्वासनलिकेत आणि जठरात दोन वेगळ्या टीमना ती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसली, बाटलीसारखी, डोक्यावर ताठ तुरा, म्हणून टफ्ट सेल. आतड्याच्या अस्तरात शंभर पेशींमागे एकही नाही. १९९६ मध्ये तिच्यात गस्टड्युसिन सापडलं, जिभेवर चव ओळखायला लागतं ते प्रोटीन! आतड्याला चव कशाला हवी, हा प्रश्न आणखी वीस वर्षं तसाच पडून होता, मला याचं अजून नवल वाटतं.

मग २०१६ मध्ये माँपेलिए, सॅन फ्रान्सिस्को आणि हार्वर्ड, तीन ठिकाणांहून उत्तर आलं. टफ्ट सेल आयएल-२५ सोडते, त्यानं अस्तराखालची आयएलसी-२ जागी होते, ती आयएल-१३ सोडते, ते स्टेम सेलपर्यंत पोचतं आणि त्यांच्यातून आणखी टफ्ट सेल आणि चिकट म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट सेल तयार होतात, अस्तर काही दिवसांतच बदलून जातं, म्युकस वाढतो आणि जंत बाहेर ढकलला जातो. हार्वर्डच्या टीमला एक धागा असाही मिळाला की त्यांच्या स्वतःच्या अॅनिमल हाउसमधल्या उंदरांत विकत आणलेल्यांपेक्षा टफ्ट सेल जास्त होत्या, कारण त्यांच्या आतड्यात ट्रायट्रायकोमोनास हा एकपेशीय जीव राहत होता.

मी पहिल्यांदा हे स्वतः स्लाइडवर पाहिलं तो दिवस आठवतो. निरोगी उंदराच्या एका व्हिलसवर (आतड्याच्या अस्तराचा बोटासारखा उंचवटा) हिरवा ठिपका, म्हणजे रंगवलेली टफ्ट सेल, एखादाच, कशावर तर तोही नाही, आणि जंत झालेल्याची स्लाइड लावली तर कडेनं हिरव्या ठिपक्यांची रांगच, मोजताना बोटानं स्क्रीनवर धरून ठेवावं लागत होतं.

२०१८ मध्ये कळलं की ट्रायट्रायकोमोनास सक्सिनेट नावाचं रसायन सोडतो आणि टफ्ट सेलचा एक रिसेप्टर (रसायन पकडणारं प्रोटीन) ते ओळखतो. पण तो रिसेप्टर काढून टाकलेला उंदीरही निप्पोस्ट्रॉन्जिलस ओळखतोच, म्हणजे जंताची "चव" काहीतरी वेगळीच आहे. माझं काम इथं सुरू होतं, डिशमध्ये वाढवलेल्या आतड्याच्या पेशींच्या छोट्या गोळ्यांवर (ऑर्गनॉइड) जंतानं सोडलेलं पाणी वेगवेगळे भाग करून टाकायचं आणि टफ्ट सेल कुठल्या भागाला प्रतिसाद देतेय ते बघायचं.