कोयना धरण आणि पूरनियंत्रण

कोयना धरण हे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात कोयना नदीवर बांधलेलं रबल काँक्रीटचं, म्हणजे मोठे दगड घालून केलेल्या काँक्रीटचं धरण आहे. उंची १०३ मीटर, आणि मागच्या शिवसागर जलाशयात १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट) पाणी मावतं. हे बांधलं मुख्यतः विजेसाठी, जलाशयातलं पाणी बोगद्यांनी सह्याद्रीच्या पश्चिमेला न्यायचं आणि तिथे वीज करायची, म्हणजे धरण भरलेलं असणं हा त्याचा फायदा. पण पूर अडवायचा तर धरणात जागा रिकामी पाहिजे. सगळी ओढाताण इथेच आहे.

काँक्रीटच्या धरणाचा खरा गुण म्हणजे ते स्वतःच्या वजनावर उभं राहतं आणि मातीच्या धरणासारखं वाहून जात नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि पुण्यात काय झालं ते सगळ्यांना माहितीये. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला, धरणाला तडे गेले पण ते उभं राहिलं, नंतर मजबुतीकरण केलं.

आता पूर कसा कमी होतो ते बघू. एक लाख क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) आवक दिवसभर राहिली तर ८.६४ टीएमसी पाणी येतं, आणि त्या वेळी ५० हजार क्युसेकच विसर्ग ठेवला तर निम्मं, म्हणजे सव्वाचार टीएमसीच्या वर पाणी धरणातच थांबतं, खालच्या गावांना पुराचा मोठा लोट न येता तेच पाणी पुढे हळूहळू मिळतं. पण जागा असेल तरच हं! धरण भरलं की जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं.

मग लोक म्हणतात आधीच दरवाजे उघडून धरण रिकामं का नाही ठेवत. सहा वक्र दरवाजे आहेत खरे, पण ते सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी सोडायच्या धरणाच्या वरच्या भागावर आहेत, पाणी सांडव्याच्या पातळीला पोचेपर्यंत दरवाजे उचलून थेंबही जात नाही, तोवर नदीत पाणी सोडायची मुख्य वाट म्हणजे धरणाच्या पायथ्याचं वीजगृह, आणि तिथून दोन्ही युनिट चालवून २१०० क्युसेक. एवढ्याने एवढं मोठं धरण किती खाली होणार? म्हणून साठा सांडव्याच्या वर गेल्यावर रोजची आवक आणि हवामानाचा अंदाज बघून वेळेत विसर्ग वाढवणं, हाच काय तो पूरनियंत्रणाचा भाग हातात उरतो. उशीर केला की एकदम जास्त सोडावं लागतं, आणि घाई करून पुढे पाऊस थांबला तर वर्षभराच्या विजेचं आणि शेतीचं पाणी कमी पडतं.

शिवाय कोयना धरण अडवतं ते फक्त कोयना नदीचं पाणी. कराडला ती कृष्णेला मिळते, पुढे सांगलीजवळ वारणा येते, नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि धरणांच्या खाली पडणारा पाऊस तर कुठल्याच दरवाजामागे नसतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते काही एकट्या कोयनेचं पाणी नव्हतं.