गर्भपात नाकारला की घरखर्चाचं काय होतं?

ऑक्टोबर २०२२. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात गव्हर्नरपदाचा प्रचार ऐन भरात होता. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार स्टेसी एब्रम्स यांना टीव्हीवरच्या मुलाखतीत महागाईबद्दल विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी गर्भपाताचा विषय तिथेच जोडून घेतला. पेट्रोल आणि किराण्याच्या भावाची काळजी माणसाला पोराबाळांमुळेच लागते, नको असलेलं गर्भारपण आणि मूल वाढवण्याचा खर्च यांची फारकत करता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. विरोधकांनी त्याचा अर्थ लावला, ‘महागाईवर या बाई गर्भपाताचा उपाय सांगताहेत.’ पुढचे काही दिवस त्यावरच राळ उडत राहिली.

त्याच वर्षी मे महिन्यात अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं होतं, की गर्भपाताचा हक्क गेला तर अर्थव्यवस्थेला मोठा फटका बसेल आणि स्त्रिया काही दशकं मागे जातील. सिनेटर टिम स्कॉट यांना हे बोलणं निष्ठुर वाटलं. एकट्या आईने अत्यंत गरिबीत आपल्याला वाढवलं, हे त्यांनी तिथे सांगितलं. त्यांचा आक्षेप मला पोकळ वाटत नाही. पण एका घरात काय घडलं आणि हजार घरांमध्ये सरासरीने काय घडतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचं उत्तर मोजूनच काढावं लागतं.

मोजायचं कसं, ही खरी अडचण. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रियांची तुलना मूल हवं म्हणून जन्म देणाऱ्यांशी केली तर फसगत होते, कारण दोघींची परिस्थिती आधीपासूनच वेगळी असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या डायना ग्रीन फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर फार विचारपूर्वक तोड काढली. प्रत्येक दवाखान्याची, अमुक आठवड्यांपर्यंतच गर्भपात करू, अशी मर्यादा असते. मर्यादेच्या थोडं अलीकडे पोहोचलेल्या बाईचा गर्भपात होतो, थोडं उशिरा आलेलीला परत पाठवतात. दोघींनाही मूल नको होतं, दोघी एकाच दारात आल्या, अंतर काही दिवसांचं. देशभरातल्या ३० दवाखान्यांतून २००८ ते २०१० या काळात जवळजवळ हजार स्त्रिया या अभ्यासात सहभागी झाल्या आणि दर सहा महिन्यांनी, पाच वर्षं, त्यांच्या मुलाखती घेतल्या गेल्या.

सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा, नकार मिळालेल्या स्त्रिया दारिद्र्यरेषेखाली असण्याची शक्यता बरीच जास्त होती आणि पूर्णवेळ नोकरीत त्या कमी होत्या. सरकारी मदत काहींना मिळाली, पण तेवढ्याने भागलं नाही. हा फरक पुढची काही वर्षं टिकला.

यावर शंका घेता येते, आणि घेतली गेलीही. अभ्यासात यायला तयार झालेल्या स्त्रिया विचारणा केलेल्यांपैकी जेमतेम ३८ टक्के. शिवाय मुलाखतीत माणूस खरंच सांगेल कशावरून? म्हणून सारा मिलर आणि लॉरा व्हेरी या अर्थतज्ज्ञ फॉस्टर यांच्यासोबत थेट कर्जदारांचा पतइतिहास ठेवणाऱ्या कंपन्यांच्या (क्रेडिट ब्युरो) नोंदींकडे वळल्या. कर्ज कधी घेतलं, हप्ता कधी थकला, हे तिथे कोणी आठवून सांगत नाही, ते आपोआप नोंदलं जातं. दवाखान्यात येण्याआधीची काही वर्षं दोन्ही गटांच्या आलेखरेषा जवळजवळ समांतर चालतात आणि नंतर फाकतात. नकार मिळालेल्यांची महिनाभराहून जास्त थकलेली देणी आधीच्या मानाने ७८ टक्क्यांनी वाढली, तर दिवाळखोरी, घरातून निष्कासन अशा नोंदी ८१ टक्क्यांनी. माझ्या मते या साऱ्या संशोधनातला सर्वांत भक्कम भाग हाच.

मनःस्वास्थ्याचे निष्कर्ष मात्र कुठल्याच बाजूच्या घोषणेला साजेसे नाहीत. गर्भपातामुळे नैराश्य वाढल्याचं दिसलं नाही. नकार मिळालेल्यांना सुरुवातीला चिंता जास्त होती, पण वर्षभरात दोन्ही गट सारखे झाले. मन सावरलं, थकबाकी तशीच राहिली.

गर्भाचं नैतिक स्थान काय, हे यातली एकही आकडेवारी ठरवू शकत नाही, आणि ज्यांना तोच प्रश्न सर्वांत मोठा वाटतो त्यांना या आकड्यांनी गप्प करणं चुकीचंच. पण गर्भपात आणि महागाई हे दोन निरनिराळे विषय आहेत, हे म्हणणं या पुराव्यापुढे टिकत नाही. नोव्हेंबर २०२२च्या अमेरिकाभरातल्या मतदानोत्तर पाहणीत मात्र ते वेगळेच मोजले गेले. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा महागाई म्हणणारे ३१ टक्के, गर्भपात म्हणणारे २७ टक्के. भारताच्या १९७१च्या गर्भपात कायद्याने पैसा-परिस्थितीशी असलेला हा संबंध आधीच मान्य केला आहे. आरोग्याला धोका आहे का हे ठरवताना स्त्रीची सध्याची आणि पुढे संभवणारी परिस्थिती डॉक्टरला लक्षात घेता येते, अशी तरतूद त्यात आहे.

फॉस्टर यांच्या अभ्यासातल्या नकार मिळालेल्यांना उशीर का झाला होता? निम्म्याहून अधिक जणींनी कारण दिलं ते पैशांची जमवाजमव. पैसे जमवण्यात आठवडे जातात आणि आठवडे वाढले की खर्चही वाढतो. गर्भपाताचा देशव्यापी हक्क गेल्यावर जॉर्जियात जुलै २०२२पासून मर्यादा साधारण सहा आठवड्यांवर आली. हे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. पाळी चुकल्याचं कळतं तेव्हाच चार उलटलेले असतात, म्हणजे हातात दोन उरतात, तेही पाळी नियमित असेल तर. त्यात जमलं नाही तर दुसरं राज्य गाठायचं. शेजारच्या अलाबामा आणि टेनेसीत जवळपास पूर्ण बंदी आहे, साउथ कॅरोलिना आणि फ्लोरिडातही आता सहा आठवड्यांचीच मर्यादा आहे. नॉर्थ कॅरोलिनात बारा आठवड्यांपर्यंत होतं, पण कायद्याने दवाखान्यात दोनदा जावं लागतं, मध्ये ७२ तासांचं अंतर ठेवून. दोन फेऱ्यांचं पेट्रोल, बुडलेली मजुरी, आणि घरी आधीची मुलं असतील तर त्यांना सांभाळणाऱ्या बाईचे पैसे. अमेरिकेत गर्भपातासाठी येणाऱ्या दर दहा स्त्रियांमागे सुमारे सहा जणी आधीच आई असतात.